चर खणण्याआधी

गावच्या डोंगरावर पाणी अडवायला चर खणायचे, तर जेसीबीवाल्याला इतक्यात फोन करू नकोस. पहिल्या मोठ्या पावसात माथ्यावर जा, पाणी कुठून पळतंय ते बघ. काम माथ्याकडून पायथ्याकडे. आम्ही उलटं केलं. नाल्यातला बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरला. समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर, आखताना नजरेवर विसंबू नकोस. ए-फ्रेमचा, म्हणजे A आकाराच्या चौकटीचा, ओळंबा मधल्या खुणेवर स्थिरावला की मगच फक्की टाक. माती चराच्या खालच्या अंगाला, तिच्यावर मारवेल, पवन्या ही गवतं पेर. झाडांत बोर, खैर, हिवर. सुबाभूळ फुकट मिळाली तरी नको! चराईबंदीवर भांडणं होतील, म्हणून गवत कापून न्यायची मुभा आधीच ठरव. आणि बोअरचं बोल. हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावरच बंदी घातली, ते उगाच नाही.