वाचकांचे प्रश्न : तीन दिवसांची वस्ती आणि रामटेकची वाट

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. गेले वर्षभर ती जपानी ‘लाइट नॉव्हेल’, म्हणजे तरुण वाचकांसाठीच्या छोटेखानी कादंबऱ्या, इंग्रजी अनुवादातून वाचते आहे. त्यांतील ‘किनोज जर्नी’ आणि ‘स्पाइस अँड वुल्फ’ या दोन मालिका तिच्या विशेष आवडीच्या. त्या पुस्तकांतल्यासारखा प्रवास आपणही एखाद्या शनिवार-रविवारी करावा, असा तिचा आग्रह आहे. हे वाचन कितपत गांभीर्याने घ्यावे आणि नागपूरहून दोन दिवसांत तिला कुठे न्यावे?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आपल्या मुलीची निवड पाहून मला मनापासून आनंद झाला. मीही याच दोन मालिकांमुळे या प्रकाराकडे वळले. माझ्या भाच्याने उन्हाळ्याच्या सुटीत ‘किनोज जर्नी’चा पहिला खंड माझ्या हाती ठेवला, आणि दुपारी कूलरसमोर बसून सुरू केलेले ते पुस्तक मी दिवेलागणीला संपवूनच उठले. आपला पहिला प्रश्न रास्त आहे. नावातल्या ‘लाइट’ या शब्दामुळे हे लेखन उथळ असावे असा समज सहज होतो. ते हलके आहे ते वाचायला सोपे आणि वागवायला सोयीचे या अर्थाने. जपानमध्ये ही पुस्तके बहुधा ‘बुनको’ आकारात निघतात, म्हणजे आपला ए-फोर कागद दोनदा दुमडल्यावर जेवढा होतो तेवढीच, आणि मधूनमधून त्यांत चित्रे असतात. आशय मात्र लेखकागणिक बदलतो. काही मालिका निव्वळ करमणुकीच्या आहेत, हेही खरेच. आपल्या मुलीच्या दोन्ही मालिका त्यांत मोडत नाहीत.

आता प्रवासाकडे वळते. केइइची सिगसावा यांच्या ‘किनोज जर्नी’चा पहिला खंड 2000 साली आला. किनो ही तरुण प्रवासी हर्मिस नावाच्या बोलत्या मोटारसायकलवरून देशोदेशी फिरते आणि कुठल्याही देशात तीन दिवसांपेक्षा अधिक राहायचे नाही, हा तिचा नेम असतो. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला या नेमातच दिसते. शुक्रवारी संध्याकाळी घर सोडून रविवारी रात्री परतणारा माणूस तीन दिवस आणि दोन रात्रीच बाहेर असतो. म्हणजे आपल्याजवळ किनोइतकाच वेळ आहे. फरक इतकाच की ती तो वेळ एका ठिकाणी घालवते, तर आपण त्याच वेळात चार ठिकाणे उरकण्याचा बेत आखतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी की पचमढी, चिखलदरा, ताडोबा ही सारी नावे तूर्त बाजूला ठेवून आपण फक्त रामटेकला जावे.

नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या रामटेकला नागपूरकर सकाळी जातो, गडावर दर्शन घेतो, खिंडसीच्या तलावात नौकेतून फेरी मारतो आणि जेवणाच्या वेळेला घरी परततो. तिथे दोन रात्री मुक्काम करण्याची कल्पना आपल्याकडे सहसा कुणाला सुचतच नाही, आणि मला तर वाटते की त्यामुळेच हे गाव आपल्याला पुरते ठाऊक नाही.

रामटेक सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते मला फार जवळचे आहे. ‘किनोज जर्नी’च्या पहिल्या खंडात एका अशा देशाची कथा आहे, जिथल्या लोकांनी एकमेकांच्या मनातले कळावे म्हणून एक औषध घेतले आहे. एकमेकांना समजून घेता आले की दुःख उरणार नाही, अशी त्यांची आशा असते. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या मनातला राग, कंटाळा, हेवा दुसऱ्याला थेट ऐकू येऊ लागतो आणि शेवटी सारे जण एकमेकांपासून दूर, एकेकट्या घरांत राहू लागतात. रामटेकच्या टेकडीवर हीच गोष्ट नेमकी उलट्या बाजूने सांगितलेली आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभराचा शाप भोगत राहिला, तो रामगिरी म्हणजे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्या यक्षाला प्रियेच्या मनातले काहीच कळत नाही. विरहाने तो इतका रोडावला आहे की मनगटातले सोन्याचे कडे गळून पडले आहे. आणि तरीही, किंवा म्हणूनच, तो आषाढातल्या मेघाला थांबवून त्याच्याजवळ शंभरावर श्लोकांचा निरोप देतो. जिथे सारे न सांगता कळते तिथे माणसे बोलायची थांबतात आणि जिथे काहीच कळत नाही तिथून एवढे काव्य उमलते. गडाजवळच्या कालिदास स्मारकात बसून आपल्या मुलीने या दोन कथा शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात, असे मला फार वाटते. तिला संस्कृत येत नसेल तर मेघदूताचा एखादा मराठी अनुवाद सोबत न्यावा. त्यात एक जागा तिला नक्की आवडेल: यक्ष मेघाला म्हणतो की उत्तरेकडे जाताना वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. जातिवंत प्रवासीच असा सल्ला देऊ शकतो.

‘स्पाइस अँड वुल्फ’साठी मात्र गड उतरून खाली यावे लागेल. इसुना हासेकुरा यांची ही मालिका 2006 साली सुरू झाली. लॉरेन्स नावाचा फिरता व्यापारी आणि धान्याची रक्षणकर्ती मानली जाणारी, मुलीच्या रूपातली लांडगीण होलो यांचा हा प्रवास आहे. तलवारबाजीपेक्षा त्यात भावांची घासाघीस, उधारी आणि नाण्यांतल्या चांदीचे प्रमाण यांनाच अधिक जागा मिळते. पहिल्याच खंडात होलो कातड्यांना सफरचंदांचा वास लागू देते आणि त्या वासाच्या बळावर व्यापाऱ्याकडून जास्त दाम वसूल करते. ते वाचताना मला आपल्या कळमन्याच्या बाजारातला संत्र्यांचा ढीग आठवला, कारण तिथेही ग्राहक आधी वासानेच जवळ ओढला जातो.

रामटेक पानमळ्यांसाठी ओळखले जाते. मागच्या खेपेस मी बाजारात एका पानवाल्या आजींजवळ बराच वेळ बसले होते. त्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने एकेक पान पुसत, देठ एका बाजूला येतील अशी चवड रचत आणि वरून ओले पोते टाकत. “उन्हाळ्यात भाव का चढतो, आजी?” असे मी विचारले, तेव्हा त्यांनी आधी मला पोत्याखाली हात घालायला लावला. आत गार होते, बाहेर मे महिना होता. मग म्हणाल्या, “पाणी आन् सावली, दोन्ही इकत घ्या लागते, बाई.” एका वाक्यात सारा हिशेब झाला. आपल्या मुलीला हेच करायला सांगा: दोन दिवसांत तिने एका वस्तूचा भाव विचारावा आणि तो तसा का आहे हे कळेपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा.

व्यवस्थेचे थोडक्यात सांगते. कामठी, कन्हान ओलांडून मनसरपर्यंत जबलपूरचा महामार्ग आणि तिथून उजवीकडे रामटेक. स्वतःची गाडी असली तरी जाताना एसटीनेच जावे, असे मी सुचवेन. गडावर गाडीरस्त्याने जाऊ नका. अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढा आणि खाण्याच्या पिशव्या आत ठेवा, कारण तिथली माकडे फार धीट आहेत. दुसऱ्या दिवशी नगरधन पाहावे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, आणि तिथल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ता हिची मातीची मुद्रा सापडली आहे. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पतीच्या निधनानंतर लहान मुलांच्या वतीने तिने राज्य चालवले. होलोवर प्रेम करणाऱ्या मुलीला ही राणी परकी वाटणार नाही.

प्रश्न : या दोन मालिका वाचायच्या असल्यास सुरुवात कुठून करावी? सगळे खंड घेणे परवडणारे नाही.
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : ‘किनोज जर्नी’तल्या बहुतेक कथा स्वतंत्र आहेत, त्यामुळे मिळेल त्या खंडापासून आरंभ केला तरी चालेल. ‘स्पाइस अँड वुल्फ’ मात्र पहिल्या खंडापासूनच वाचावी लागते. मूळ कथा 2011 साली सतराव्या खंडाशी पूर्ण झाली आणि 2016 पासून पुढचे खंड येऊ लागले. आपण आधी फक्त पहिला घ्या. नाण्यांच्या व्यवहाराचे त्यातले प्रकरण किचकट वाटले तर कागद-पेन्सिल घेऊन आकडे मांडत वाचा. मी तसेच केले होते, आणि तो कागद अजून त्या पुस्तकात आहे.