बारावीनंतर गणितात पदवी घ्यावी, की घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे अभियांत्रिकीला जावे?

तुम्ही लिहिता की गणितात उत्तम गुण आहेत, विषय मनापासून आवडतो, पण "गणित घेऊन शेवटी मास्तरीणच होशील" असे घरी ऐकवले जाते आहे. हे वाक्य मी आमच्या ओसरीवर ऐकलेले आहे, म्हणून लिहायला बसले.

पहिली गोष्ट म्हणजे बारावीच्या गुणांवरून काहीही ठरवू नका. तिथे सूत्र लक्षात ठेवून वेळेत उत्तर काढणाऱ्याला गुण मिळतात. पदवीला गेल्यावर "हे खरे कशावरून?" हा प्रश्न सुरू होतो, आणि तो ज्यांना नकोसा वाटतो त्यांचे पहिल्याच वर्षी हाल होतात.

आमच्या घरी मोठेबाबांचा शब्द शेवटचा असे. वाशीम जिल्ह्यातली आमची सगळी शेती कोरडवाहू, आणि "ज्याच्या घरी ओलीत हाये त्यानं गणितं करत बसावं" हे त्यांचे मत माझ्या निकालाच्या दिवशी भावकीसमोर जाहीर झाले. वडील काही बोलले नाहीत. आई मात्र तालुक्याच्या महाविद्यालयात जाऊन माझे नाव घालून आली.

पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर 1 + 1/2 + 1/3 + 1/4 अशी न संपणारी बेरीज लिहिली आणि ही बेरीज कुठे थांबेल का, असे विचारले. त्या दिवसांत वेचणी चालू होती आणि घरी पुढच्या खोलीत कापसाची गंजी लागलेली होती. मी रात्री मोठेबाबांना तोच प्रश्न कापसात विचारला: पहिल्या दिवशी एक क्विंटल, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक तृतीयांश, असा कापूस येत राहिला, तर गंजी कधी दहा क्विंटलांच्या पुढे जाईल का? सोसायटीच्या कर्जाचे व्याज तोंडी काढणारा हा माणूस. त्यांनी क्षणभरही न थांबता "नाही" म्हणून सांगितले. वरवर पाहता ते बरोबरच वाटते, कारण शंभर दिवसांनंतरही बेरीज सव्वापाचच्या आतच असते. मग मी वहीवर दाखवले की 1/3 आणि 1/4 मिळून अर्ध्याहून अधिक होतात, 1/5 ते 1/8 ही चार पदे मिळून पुन्हा अर्ध्याहून अधिक, त्यापुढची आठ पदे मिळूनही तेच, आणि असे अर्धे कधीच संपत नाहीत. म्हणजे दहाच काय, कोणताही आकडा सांगा, गंजी त्याच्या पुढे जाणारच. दहा ओलांडायला 12,367 दिवस, म्हणजे जवळपास चौतीस वर्षे लागतात, पण दहाचा आकडा ओलांडला जातो. ही युक्ती चौदाव्या शतकातल्या निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाची आहे. मोठेबाबांनी वही हातात घेऊन ती स्वतः पुन्हा मांडून पाहिली आणि म्हणाले, "हे खरं हाये. पन यानं पोट भरते काय?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, ते आज देते. त्याच वर्षी माझ्या चुलतभावाला कर्ज काढून एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात घातले गेले. त्याला यंत्रांची कधीच आवड नव्हती. पदवी मिळाली, मनासारखे काम मिळाले नाही, आणि कर्जाचे हप्ते घराने फेडले. माझे शिक्षण अनुदानित महाविद्यालयात झाले, त्याची फी एका वेचणीच्या पैशांत भागत असे. तेव्हा कोरडवाहू घराला न झेपणारी चैन कोणती होती, हे मोठेबाबांनी नीट मांडून पाहायला हवे होते. आणि आपल्याकडे शिकून काय होते, असे कोणी म्हणाले तर शरदचंद्र श्रीखंडे यांचे नाव सांगा. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या या गणितज्ञाने राज चंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर या गणितज्ञांसह 1959 साली थोर गणितज्ञ ऑयलरचे 1782 पासून खरे मानले गेलेले एक अनुमान चुकीचे ठरवले.

नोकरीबद्दल स्पष्टच सांगते. प्राध्यापक होण्याच्या भरवशावर गणित घेऊ नका. मी एम.एस्सी. झाले, सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि एका संस्थेच्या मुलाखतीत मला विषयावर एकही प्रश्न न विचारता "देणगी" किती देता येईल तेवढे विचारले गेले. मी उठून आले, तासिका तत्त्वावर शिकवत राहिले, आणि आज एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. "मास्तरीण" हा शब्द मला कमीपणाचा वाटत नाही, आणि तो तुम्हीही कमीपणाने घेऊ नका. पण विषयात खरी गती असेल तर नजर जिल्ह्याबाहेर ठेवा: भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई गणितीय संस्था बारावीनंतरच वेगळी प्रवेश परीक्षा घेतात, आणि बी.एस्सी.नंतर आय.आय.टी.मध्ये एम.एस्सी. करण्यासाठी जॅम ही परीक्षा असते. आमच्या वेळी ही नावे आम्हाला कोणी सांगितलीच नाहीत.

यंत्रे, संगणक, बांधकाम यांत तुमचे मन रमत असेल तर अभियांत्रिकीला अवश्य जा. माझा राग त्या शिक्षणावर नाही, न विचारता लादण्यावर आहे. फीचा माझा मुद्दाही तुम्हाला तसाच लागू होईल असे नाही, कारण 2024-25 पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ केली आहे. मात्र वसतिगृह आणि खानावळीचा खर्च वेगळा धरा. आणि बी.एस्सी.च ठरले, तर प्रवेशाआधी महाविद्यालयात जाऊन गणितासोबत संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र मिळते का ते विचारा, कारण लहान ठिकाणी बहुधा भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हाच गट असतो, आणि पुढे कामाला संख्याशास्त्र अधिक येते.