जंगलात जिवंत ओपॉसम कसा बघायचा आणि त्याचे फोटो कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत ओपॉसम (मांजराएवढा, पिल्लांना पोटाच्या पिशवीत वाढवणारा तिथला प्राणी) रस्त्याच्या कडेला मेलेलाच दिसला, आता जंगलात जिवंत बघायचाय आणि जमलं तर मेल्याचं सोंग घेतानाचा फोटो हवाय. आधी त्या सोंगाबद्दल बोलते, तो फोटो प्लीज डोक्यातून काढून टाका. सोंग म्हणतात खरं पण तो ते ठरवून करत नाही, भीती अनावर झाली की शरीरच बंद पडल्यासारखं होतं, लाळ गळते, मागून घाण वासाचा हिरवट द्रव येतो, आणि मग काही मिनिटं, कधी काही तासही तसाच पडून राहतो. म्हणजे फोटोसाठी त्याला मरणाचं घाबरवायचं. जंगलात जेमतेम एक-दोन वर्षं जगतो हो तो.

बाकी बघायला तसा अवघड नाही, चाल हळू, नजर यथातथाच, सगळी भिस्त नाकावर. मागे मागे फिरू नका, तो जिथे येणार तिथे अंधार पडायच्या आधी जाऊन बसा. ओढ्याकाठची झाडी, पोकळ खोडं, पडलेले ओंडके. चिखलात मागच्या पायाचा ठसा शोधा, अंगठा आडवा बाहेर आलेला आणि त्याला नखच नसतं, एकदा ओळखला की परत चुकत नाही. माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे जंगली पर्सिमनचं (टेंभुर्णीच्या जातीचं, गोड नारिंगी फळांचं) झाड, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकलेली फळं खाली पडायला लागली की त्याच्या आसपास नक्की बसून बघा. वारा तुमच्याकडून झाडाकडे वाहत असेल तर जागा बदला. आणि खाणं टाकून बोलावू नका, माणसाच्या वासाला सोकावला की रस्त्यावर येतो आणि पुढचं तुम्ही पाहिलंच आहे.

हेडलॅम्पला लाल लाईट ठेवा आणि तो थेट डोळ्यांवर मारू नका. फोटोसाठी जमिनीवर आडवे व्हा, उभ्याने काढलात तर नुसती पाठ येते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ३२००-६४०० पर्यंत बिनधास्त न्या, शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास चालतं कारण तो खाताना बराच स्थिर असतो. फ्लॅश लावायचाच तर लेन्सपासून बाजूला आणि डिफ्यूजर (प्रकाश मऊ करणारं झाकण) लावून, नाहीतर डोळे नुसते चमकतात. ट्रेल कॅमेरा (झाडाला बांधून ठेवायचा, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) घेणार असाल तर ९४० नॅनोमीटर इन्फ्रारेडवाला घ्या, त्याचा लाल ठिपका दिसत नाही, आणि गुडघ्याच्या उंचीवर बांधा.

नुसतं बघत बसलात तरी खूप मिळतं. मी एकाला बिळासाठी पाला गोळा करताना पाहिलंय, तोंडाने पानं उचलायची, पुढच्या पायांनी पोटाखालून मागे सरकवायची, मागच्या पायांनी शेपटीच्या वेटोळ्यात कोंबायची, आणि शेपटीत ही एवढी मोळी घेऊन सावकाश चालू पडायचं! लेन्स बदलायचं भानच राहिलं नाही मला.

तो खायचं थांबवून तुमच्याकडे बघत राहिला तर हलू नका, तोंड वासून दात दाखवले (५० असतात!) तर हळूच मागे सरका. पाठीवर पिल्लं असलेली मादी दिसली तर आहात तिथूनच काढा, एक पाऊलही पुढे नको.

दिवसाउजेडी हवा असेल तर कडाक्याच्या थंडीत जा. हा हिवाळाभर झोपून राहत नाही, कान-शेपूट उघडे असल्याने रात्रीचा गारठा सोसत नाही, मग भुकेपोटी दुपारीच बाहेर पडतो. अमेरिकेच्या उत्तरेकडे कानांची टोकं हिमदंशाने झडलेली दिसतात. तेव्हा त्याला प्रत्येक घास हवा असतो, म्हणून ४०० एमएमची (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स लावा आणि लांबच थांबा.