हॉटेलच्या चादरी आणि आपली वाकळ

प्रश्न : अंबाजोगाईजवळच्या गावात आम्ही नऊ जणी बचत गटातून वाकळा शिवतो. संभाजीनगरच्या एका मोठ्या हॉटेलने वापरातून काढलेल्या पांढऱ्या चादरी देऊ केल्यात. त्यांच्यापासून पलंगाच्या पायथ्याला टाकायच्या रंगीत पट्ट्या हव्यात, वीस नग. कापड फुकट आहे, म्हणून दर कमी लावा म्हणतात. काय करावं?

उत्तर : ताई, दराचं नंतर. आधी चादर दोन्ही हातांत धरून हिसका द्या. हॉटेलच्या चादरी सतत गरम पाण्यात, ब्लीच घालून धुतलेल्या असतात. दिसायला शुभ्र, पण सूत विरलेलं. टर्रकन फाटली तर ती बाजूला. मग कडेचा एक धागा ओढून काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आला, मऊ राख झाली तर सुती. टोकाला वितळून कडक मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे.

हे कशासाठी, तर रंगासाठी. तुरटीत भिजवलेल्या सुती कापडावर डाळिंबाच्या सालीच्या काढ्याचा पिवळा छान बसतो. त्यात गंजक्या खिळ्यांचं पाणी घातलं की तोच काळपट होतो. पॉलिएस्टरवर यातलं काही टिकत नाही. पण मला विचाराल तर रंगवायच्या फंदात पडूच नका. एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावात हॉटेलच्या हौसेसाठी घागरी ओतायच्या, हे मला पटत नाही. चादर आत भर म्हणून घाला आणि वरून जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे लावा. तेच वाकळीचं खरं रूप.

भर घालताना दोनच थर. ही वीण आपल्या धुऊन मऊ झालेल्या लुगड्यासारखी नसते, फार घट्ट असते. मी एकदा हौसेने चार थर घातले. तीन सुया मोडल्या आणि अंगठा आठवडाभर सुजला. टाके बारीक घाला, लांब टाका धुण्याच्या मशीनमध्ये अडकून तुटतो. आमची आजी वाकळ नदीवर धुवायची, तिला ही काळजी नव्हती! म्हणून एकच नमुना शिवा आणि तो त्यांच्याच लाँड्रीत पाच वेळा धुऊन मागा. लुगड्याचा रंग उतरतो का, तेही कळेल.

आता दर. आपण घराघरांतून उखडून टाकली ती मोझॅकची फरशी आता टेराझो म्हणून मोठ्या हॉटेलांत परत आलीये. संगमरवराच्या चुऱ्यापासूनच ती होते. तिच्या कारागिराला कोणी म्हणतं का, की चुरा फुकटचा आहे, मजुरी कमी घे? कापड फुकट आलं, हात फुकट आलेले नाहीत. एका पट्टीला दोघींचे चार दिवस लागले तर आठ रोज झाले. तुमच्याकडे खुरपणीला जो रोज मिळतो, त्याच्या खाली सुईचा रोज धरू नका. त्यावर दोरा, गाडीभाडं, गटाचा वाटा. अर्धे पैसे आधी, कागदावर लिहून.

आणि चादरी धुतलेल्याच घ्या. धुणं तुमच्या गळ्यात पडायला नको.