फ्रॅजिलिटी म्हणजे ठिसूळपणा की नाजूकपणा?

तुम्ही विचारलंय फ्रॅजिलिटीला मराठीत ठिसूळपणा म्हणायचं का नाजूकपणा, डिक्शनरीत दोन्ही दिसतात. दोन्ही बरोबर आहेत हो, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही, आणि हे मला कळलं ते बिडाच्या तव्यामुळे.

घावनं करायला म्हणून ऑनलाइन तवा मागवला, चांगला जाडजूड, उचलताना मनगट दुखेल असा, आणि खोकं उघडलं तर सरळ दोन तुकडे! खोक्यावर ना 'जपून हाताळा' ना ते काचेच्या ग्लासचं चित्र, लोखंडाला कोण जपतंय म्हणा. शेजारचे काका टर्नर होते, ते म्हणाले अगं बिडात कार्बन जास्त, दोन टक्क्यांच्या वर, म्हणून ते वाकत नाही, तडकतं, साधी लोखंडी पट्टी आपटली तर फार तर वाकेल. तर हा झाला ठिसूळपणा. आता त्या तव्याला कोणी नाजूक म्हणेल का? आणि उलट बघा, तान्ह्या बाळाची टाळू नाजूक, मोगऱ्याची कळी नाजूक, पण ठिसूळ नाही. ठिसूळ म्हटलं की ती वस्तू कशी मोडते ते कळतं, नाजूक म्हटलं की आपण हात कसा लावायचा ते.

इंग्रजीत हे सगळं एकाच पोत्यात. मूळ शब्द लॅटिनमधल्या 'तोडणे' या क्रियापदावरून आलाय, फ्रॅक्चर आणि फ्रॅक्शन ही त्याचीच भावंडं.

म्हणून आधी वाक्य कशाबद्दल आहे ते बघा. हाडं ठिसूळ होतात, तब्येत नाजूक असते. स्वस्तातली खुर्ची तकलादू किंवा कचकड्याची, त्यात बनवणाऱ्याला एक टोमणा पण असतो जो इंग्रजी शब्दात नाही. भंगुर बोलताना कोणी वापरत नाही, क्षणभंगुर तेवढं ऐकू येतं. म्हातारपणातल्या फ्रॅजिलिटीला तर आपण नामच वापरत नाही, 'आजी फार थकल्यात' म्हटलं की झालं. 2013 मध्ये रुपया डॉलरला 68 च्या पार गेला, त्याच सुमारास मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकन बँकेने भारताला ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तानसोबत 'फ्रॅजाइल फाइव्ह'मध्ये बसवलं होतं, तिथे मी डळमळीत लिहीन, नाजूक अर्थव्यवस्था म्हटलं की उगाच लाडात आल्यासारखं वाटतं (हे माझं मत). आणि फ्रॅजाइल ईगोवाल्या माणसाला सरळ 'त्याला लगेच लागतं'.

तव्याचे पैसे परत मिळाले. आमच्या सासूबाई बांगडी 'फुटली' असं कधी म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. तव्याचे तुकडे बघून म्हणाल्या, वाढला गं तवा.