रेणूंची रचना संगणकावर शिकवताना

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. रेणूची त्रिमितीय रचना फळ्यावर काढून मुलांना नीट उमगत नाही. प्रयोगशाळेतील संगणक जुने आहेत आणि इंटरनेटचा भरवसा नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा उपयोग होईल का? सुरुवात कशी करावी?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : निश्चित होईल. आपल्या परिस्थितीत ‘ॲव्होगॅड्रो’ या रेणू बांधण्याच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरपासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल. ते विनामूल्य असून पेनड्राइव्हवरून एकदा संगणकांवर बसवले की रेणू बांधण्यासाठी इंटरनेट लागत नाही. रेणू पाहण्यासाठी ‘जेमॉल’ हे सॉफ्टवेअरही उत्तम आहे, मात्र ते चालण्यासाठी संगणकावर ‘जावा’ हे आणखी एक सॉफ्टवेअर असावे लागते.

तयार रेणू प्रोजेक्टरवर फिरवून दाखवण्यावर मात्र थांबू नये. तो मुलांनाच बांधू द्यावा. कार्बनचा एक अणू ठेवला की हायड्रोजन आपोआप जोडले जाऊन मिथेन तयार होतो, आणि नायट्रोजन व ऑक्सिजन घेऊन याच रीतीने अमोनिया व पाणी मिळते. प्रत्येक वेळी बंधकोनाचा, म्हणजे दोन बंधांमधील कोनाचा, अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा, सॉफ्टवेअरमधील सोयीने रचनेची ऊर्जा किमान करावी, म्हणजे अणू आपल्या स्थिर जागी येतात, आणि मगच मोजणीचे साधन निवडून तीन अणूंवर क्रमाने क्लिक करायला सांगावे. प्रयोगांतून मिळालेले कोन मिथेनसाठी 109.5, अमोनियासाठी सुमारे 107 आणि पाण्यासाठी सुमारे 104.5 अंश आहेत. सॉफ्टवेअरचे गणित अंदाजी सूत्रांवर चालत असल्याने पडद्यावरील आकडा थोडा वेगळा येऊ शकतो. कोन लहान का होत गेला, हे चित्र सांगत नाही, कारण बंधांना रेटणाऱ्या एकाकी, म्हणजे बंधात भाग न घेणाऱ्या, इलेक्ट्रॉन जोड्या त्यात दिसतच नाहीत. तो प्रश्न आपणच विचारायला हवा, आणि माझ्या मते तासाचा खरा गाभा तोच आहे.

प्रकाशीय समघटकता, म्हणजे एकमेकांची आरशातील प्रतिमा असूनही न जुळणाऱ्या रेणूंची जोडी, दाखवण्यासाठी एका कार्बनला हायड्रोजन, फ्लोरिन, क्लोरिन आणि ब्रोमिन जोडावेत. शेजारच्या संगणकावर तोच रेणू बांधून त्यातील कोणत्याही दोन अणूंची अदलाबदल करावी. कितीही फिरवले तरी हे दोन रेणू एकमेकांशी जुळत नाहीत, हे मुलांना स्वतःच्या हाताने अनुभवता येते.

पुढे सुक्रोज, म्हणजे आपली साखर, घ्यावे. ‘पबकेम’ या रेणूंची माहिती विनामूल्य देणाऱ्या संकेतस्थळावरून त्याची त्रिमितीय फाइल घरूनच आणावी आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज यांना जोडणारा ऑक्सिजन मुलांना शोधायला लावावा. तोडलेला ऊस पडून राहिला की याच जोडाचे जलअपघटन होते, म्हणजे पाण्यामुळे तो जोड तुटतो, आणि त्या उसाचा गूळ मऊ पडतो. आपल्याकडच्या गुऱ्हाळाशी परिचित असलेल्या मुलांना तो ऑक्सिजन शोधण्यात निश्चितच रस वाटेल.