तीन दिवस, दीडशे युरो आणि क्राकुफ

तुम्ही बर्लिनमध्ये शिकत आहात, शाकाहारी आहात, मार्चमध्ये तीन दिवस पोलंडमधल्या क्राकुफ शहरात जायचे आहे आणि प्रवासभाडे वगळता दीडशे युरोंत सर्व भागवायचे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. हे भागते. पोलंडमध्ये दोन वर्षे विद्यार्थी म्हणून राहिल्यावर माझे मत असे झाले आहे की क्राकुफमध्ये पैसे संग्रहालयांत जात नाहीत. ते जातात चुकीच्या जागी चलन बदलण्यात, मुख्य चौकातल्या टेबलांवर जेवण्यात आणि ज्या गोष्टी स्वतः सहज करता येतात त्यांच्या तयार सहली विकत घेण्यात.

प्रथम चलनाविषयी. पोलंड युरोपीय संघात असला तरी तिथे युरो चालत नाही, झ्लॉटी चालतो. एका युरोला साधारण सव्वाचार झ्लॉटी हे प्रमाण डोक्यात ठेवावे. एटीएम किंवा कार्डयंत्र जेव्हा ‘रक्कम युरोंत वळती करू का’ असे विचारते, तेव्हा न चुकता नकार द्यावा आणि झ्लॉटीच निवडावा, कारण त्या प्रश्नाला होकार देणे म्हणजे त्या यंत्राच्या मालकाने ठरवलेला दर मान्य करणे होय. मी पहिल्याच संध्याकाळी घाईत होकार दिला आणि दोन वेळच्या जेवणाचे पैसे घालवले. चलन बदलणाऱ्या दुकानांना तिथे ‘कान्तोर’ म्हणतात; ‘शून्य कमिशन’ या पाटीकडे न पाहता खरेदी आणि विक्री यांच्या दरांत किती अंतर आहे ते पाहावे. तसेही बहुतेक ठिकाणी कार्ड चालते, त्यामुळे रोख थोडीच लागते.

सामायिक खोलीतील खाट मार्चमध्ये रात्रीला पंधरा ते वीस युरोंत मिळायला हरकत नाही. जागा जुन्या शहरात किंवा काझिमिएश या भागात घ्यावी. लांबची स्वस्त खोली ट्रामच्या भाड्यात आणि वेळेत महाग पडते. ट्रामचे तिकीट चढल्याबरोबर यंत्रात उमटवावे लागते, न उमटवलेले तिकीट खिशात असूनही तपासनीस दंड करतो. ‘उल्गोव्ही’ म्हणजे सवलतीचे तिकीट आपण विद्यार्थी आहोत म्हणून सरसकट घेऊ नये. रेल्वेतली मोठी विद्यार्थी-सवलत मुख्यतः पोलिश विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी आहे, जर्मन ओळखपत्रावर ती गृहीत धरणे महागात पडते. संग्रहालयांत मात्र ते ओळखपत्र बहुधा चालते, तेव्हा ते जवळ असू द्यावे. पासपोर्ट आणि जर्मनीचा निवास-परवाना ही मूळ कागदपत्रेही सोबत हवीतच, कारण सीमेजवळ तपासणी होऊ शकते.

आता जेवण, जो शाकाहारी माणसाचा खरा प्रश्न आहे. ‘बार म्लेच्नी’ म्हणजे शब्दशः दूध-बार. साम्यवादी काळात ही स्वस्त भोजनालये देशभर पसरली आणि त्यांतल्या काहींना आजही सरकारी अनुदान मिळते. तिथे फळीवर लिहिलेले पदार्थ वाचून गल्ल्यावर सांगायचे, पैसे भरायचे आणि हाक आली की ताट उचलायचे. ‘पिएरोगी रुस्किए’ घ्यावेत: बटाटा आणि ताजे चीज भरलेल्या या उकडलेल्या करंज्या पोट भरतात. मात्र त्यांवर अनेकदा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकलेले असतात, म्हणून मागतानाच ‘बेझ स्क्फारकुफ’, म्हणजे ते तुकडे नकोत, असे सांगावे. सूपांविषयी सावध राहावे. झुरेक या आंबट सूपमध्ये बहुधा सॉसेज असते, आणि बीटच्या तांबड्या बार्श्चचे पाणीही मांसाचे असू शकते. चीज भरलेले नालेश्निकी, म्हणजे पातळ धिरडी, आणि बटाट्याची प्लात्स्की, म्हणजे जवळजवळ आपली थालीपिठे, हे बिनधोक पर्याय, तरी तळणीची चरबी कोणती हे विचारावे. रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळणारा ओब्वाझानेक हा खसखस, तीळ किंवा मीठ लावलेला पिळाचा कडेपाव सकाळच्या नाश्त्याला पुरतो. काझिमिएशच्या प्लात्स नोव्ही चौकातल्या गोल इमारतीत मशरूम आणि चीज घालून भाजलेला हातभर लांब पाव, झापिएकान्का, मिळतो, तो दोघांत एक पुरे. बहुतेक रविवारी मोठी दुकाने कायद्याने बंद असतात, तेव्हा किराणा शनिवारीच घ्यावा.

पाहण्यासारखे जे आहे त्यातले पुष्कळसे फुकट आहे. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा जमीनदोस्त झाले आणि तिथले जुने शहर नंतर पुन्हा बांधले गेले. क्राकुफ मात्र बऱ्याच अंशी वाचले, म्हणून 1257 साली आखलेला मुख्य चौक आजही त्याच मापाचा, एका बाजूला सुमारे दोनशे मीटर, तुमच्यासमोर असतो. तिथे बसावे, पण जेवू नये. दर तासाला सेंट मेरी चर्चच्या बुरुजावरून तुतारी चारही दिशांना वाजते आणि सूर मध्येच तुटतो. तातार आक्रमणात पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला ही त्यामागची दंतकथा. तिथून यागिएलोन विद्यापीठाच्या कोलेगियुम मायुस या जुन्या इमारतीचे अंगण पाच मिनिटांवर आहे. हे विद्यापीठ 1364 सालचे आणि कोपर्निकस तिथे शिकला. पाडलेल्या तटाच्या जागी केलेल्या प्लांती उद्यानातून चालत राजवाडा असलेल्या वावेलच्या टेकडीवर जावे, तिथले आवार फुकट आहे. पैसे एकाच दालनावर खर्च करायचे असतील तर चार्तोरिस्की संग्रहालयातील लिओनार्दोच्या ‘एर्मिनसह स्त्री’ या चित्रावर करावेत. क्राकुफजवळच्या व्यालिच्काची मिठाची खाण भव्य आहे, पण तिकीट शंभर झ्लॉटींच्या पुढे जाते आणि पाहणी केवळ मार्गदर्शकासोबतच होते. तुमच्या हिशेबात मी ती सोडून देईन.

नदीपलीकडे पोद्गुझेला एक दुपार अवश्य द्या. नाझींनी ज्यूंना कोंडलेला वेटाळ (घेटो) इथे होता, तो मार्च 1943 मध्ये रिकामा केला गेला. तिथल्या चौकात आज धातूच्या रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या आहेत, आणि जवळच्या ल्वोव्स्का रस्त्यावर वेटाळाच्या भिंतीचा तुकडा उभा आहे, ज्याच्या कमानी थडग्याच्या दगडांसारख्या घडवल्या होत्या. पुढे चालत क्राकच्या टेकाडावर चढून सूर्यास्त पाहता येतो, तिथे तिकीट नाही.

तुम्ही कोल्हापूरच्या आहात म्हणून एक आगंतुक गोष्ट: 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, त्यामुळे ओघात गावाचे नाव सांगितले तर एखादा पोलिश माणूस तुमच्यापेक्षा जास्त बोलू लागेल.

राहिले ऑशविट्झ, म्हणजे नाझींची मृत्युछावणी, जी क्राकुफपासून साठ-सत्तर किलोमीटरवर, पोलिशमध्ये ओश्फिएंचिम म्हणतात त्या गावात आहे. सहल विकणारे तुमच्याकडून जे घेतात त्यातला मोठा भाग वाहनाचा आणि दलालीचा असतो. स्मारकस्थळाचा प्रवेश फुकट आहे, पण वेळ आगाऊ राखून ठेवावी लागते. गर्दीच्या तासांत मार्गदर्शक सक्तीचा असतो, आणि मार्गदर्शकाविना एकट्याने पाहण्याच्या जागा मोजक्या असून लवकर संपतात. बस स्थानकावरून साधी बस जाते, परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी. मोठी पिशवी आत नेता येत नाही. जवळपास 11 लाख माणसे जिथे मारली गेली तिथून परत आल्यावर त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्मारकस्थळाच्या संकेतस्थळावर वेळ मिळवा, त्या तारखेप्रमाणे बर्लिनची बस किंवा गाडी ठरवा, आणि खोली सगळ्यात शेवटी, कारण मार्चमध्ये खाटा संपत नाहीत, त्या वेळा मात्र संपतात.